वासाची परीक्षा

"हिंग."

डबी नाकापर्यंत पोचायच्या आतच उत्तरेश्वरने उत्तर दिलं, मास्क वर ओढला आणि खुर्चीवरून उठायला लागला.

"बसा," मेहेंदळे म्हणाले. "आपल्याला फार घाई दिसते."

"घाई न्हाई सर. सरावाची बस लागलीय."

"गोलकीपरला सोडून बस जात नसते. डोळे मिटा."

उत्तरेश्वरने मास्क पुन्हा हनुवटीवर घेतला आणि डोळे मिटले. मेहेंदळ्यांनी दुसरी डबी उचलली, झाकण काढलं आणि पुढे वाकून ती त्याच्या नाकाखाली धरली. त्यांची नजर डबीवर नव्हती, त्याच्या छातीवर होती. एवढा धिप्पाड माणूस, श्वास घेतला तर अंगातला टी-शर्ट हलायलाच हवा. टी-शर्ट हलला नाही.

"कॉफी."

उत्तर बरोबर होतं. मेहेंदळ्यांचा संशय बरोबर उत्तरानेच बळावत असे. त्यांनी मान हलवली आणि उत्तरेश्वर जवळजवळ उलट्या पावलांनीच दाराकडे गेला. जाताना त्याने हॉलची एक खिडकी उघडून ठेवली, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

श्रीधर मेहेंदळ्यांची उभी हयात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली होती, आणि त्यातली बरीचशी भरारी पथकात. नगरपासून सोलापूरपर्यंतची कॉलेजं त्यांच्या जीपला ओळखून होती. बाहीतल्या, मोज्यातल्या, चपलेच्या तळव्याखालच्या, इतकंच काय डब्यातल्या पोळीच्या घडीत लपवलेल्या चिठ्ठ्याही त्यांनी बाहेर काढल्या होत्या. ज्याच्यावर संशय असेल त्याला ते कधी अरे-तुरे करत नसत. उलट मोठ्या अदबीने "आपण जरा उभे राहता का?" असं विचारत, आणि सगळ्या वर्गाला कळून चुके, की आता याचं काही खरं नाही.

ते निवृत्त झाले आणि काही दिवसांनी करोना आला. टाळेबंदी लागली, उठली, लस अजून यायची होती, आणि अशातच फुटबॉलची लीग खेळवायचं ठरलं. सगळे संघ पुण्यात आणून हॉटेलांत कोंडायचे. हॉटेल ते बालेवाडीचं रिकामं मैदान आणि मैदान ते हॉटेल, मध्ये कुठे पाय खाली टेकवायचा नाही. या बंदोबस्ताला बबल म्हणत. प्रत्येक संघाच्या बबलवर एक अधिकारी हवा होता. कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस कोण, असा विचार करताना क्लबच्या मालकांना मेहेंदळे आठवले. मालकांचे चिरंजीव कधीकाळी त्यांच्याच हाती सापडले होते. फुटबॉलमधलं मेहेंदळ्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसांना कोंडून, नजरेसमोर ठेवून त्यांच्याकडून खरं काढून घ्यायचं काम त्यांना नवं नव्हतं. ते सदाशिव पेठेतला आपला फ्लॅट आणि बायको सोडून वारज्याच्या या हॉटेलात राहायला आले.

ताप मोजायच्या बंदुकीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. धावून आलेल्या मुलाला ती ताप दाखवायची आणि एसीत बसलेल्याला थंडगार. नाकात काडी घालून होणारी तपासणी आठवड्यातून एकदाच, आणि तिचा रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडायचा. मधल्या दिवसांचं काय? या रोगात माणसाचा वास जातो असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली. लग्नाच्या पंगती उठायच्या त्या हॉलमध्ये, पाठीला मोठाले बो बांधलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत एक टेबल मांडायचं. टेबलावर तीन डब्या: हिंग, कॉफी आणि वेलदोडा. खेळाडूंनी एकेक करून आत यायचं, मास्क खाली घ्यायचा, डोळे मिटायचे आणि वास ओळखायचा. ओळखला तर सरावाला, नाही तर डॉक्टरकडे.

संघाची डॉक्टर तनया तरुण होती, हसरी होती. कल्पना वाईट नाही, म्हणाली, पण डबी तुम्ही धरू नका, सर. कागदाच्या पट्टीला वास लावा, पट्टी लांब टेबलावर ठेवा, ज्याची त्याने उचलू दे.

"हातात दिलं की कॉपी होते," मेहेंदळे म्हणाले होते.

"वासाची कॉपी?"

"तुम्ही अजून लहान आहात."

तेव्हापासून डबी ते स्वतःच धरत. समोरच्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून बरेच पुढे वाकत. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तेवढ्यापुरता मास्क नाकाखाली सरकवत. यात आपण काही नियम मोडतोय असं त्यांच्या मनातही येत नसे. पर्यवेक्षक कधी परीक्षेला बसत नाही.

सराव आटोपून संघ दुपारी परतला तेव्हा मेहेंदळे लॉबीतल्या सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. वाचत अर्थातच नव्हते. उत्तरेश्वर आत आला, त्याने त्यांना पाहिलं, आणि खिशातून दुसरा मास्क काढून पहिल्यावर चढवला. मग लिफ्ट समोर उघडी असताना तो जिन्याने गेला.

गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. पूर्वी बसमध्ये तो मेहेंदळ्यांच्या मागच्याच बाकावर बसायचा, गप्पा मारायचा. मूळचा लोणी काळभोरचा, तिथल्या कॉलेजच्या मैदानावर खेळून वर आलेला. त्याची आई विहिरीवर पडलेले चेंडू कशी लपवून ठेवायची ते त्याने रंगवून सांगितलं होतं, आणि मेहेंदळ्यांना तो आवडलाही होता. आता तो बसच्या अगदी शेवटी बसे, खिडकी उघडी टाकून. जेवायला सगळ्यांत लांबच्या टेबलावर. कुणी जवळ आलं तर ताट उचलून उठायचा. आणि सकाळच्या परीक्षेत श्वास न घेता बरोबर उत्तरं. कुठून येत होती ती? हिंगाच्या डबीला एका बाजूला पोचा आहे हे मेहेंदळ्यांच्या त्याच दुपारी लक्षात आलं. कॉफीच्या डबीचं झाकण जरा पिवळट होतं. मिटल्या डोळ्यांच्या फटीतून एवढं दिसायला पुरे होतं.

म्हणजे हा माणूस वास घेतच नव्हता. कारण त्याला तो येत नव्हता. आणि तो ते लपवत होता.

का लपवत होता, हे फुटबॉल न कळणाऱ्यालाही कळण्यासारखं होतं. उद्या संध्याकाळचा सामना हंगामातला शेवटचा. तो जिंकला तर क्लब लीगमध्ये राहणार होता. हरला, किंवा खेळायला पुरेसे खेळाडू उभेच करता आले नाहीत, तर खालच्या श्रेणीत जाणार होता, आणि तसं झालं तर क्लबला कुलूप लावीन असं मालकांनी तोंडावर सांगून ठेवलं होतं. उत्तरेश्वरची तिशी उलटून गेली होती. हा क्लब बुडाला तर दुसरा कुणी त्याला घेणार नव्हता, हे तोच एकदा हसत हसत म्हणाला होता. राखीव गोलकीपर आमोद चांगला होता, पण कोच दत्तप्रसाद यांचं म्हणणं असं, की चेंडू जोरात आला की आमोद आधी डोळे मिटतो आणि मग उडी मारतो.

मेहेंदळ्यांना वाईट वाटलं. पण एकाच्या चिठ्ठीपायी सगळ्या वर्गाचा पेपर रद्द झालेला त्यांनी पाहिला होता. एकाला वेळीच उठवलं तर बाकीचे वाचतात.

त्या संध्याकाळी जेवणात खीर होती. सामन्याच्या आदल्या दिवशी काहीतरी गोड असावं म्हणून कोचने मुद्दाम सांगितली होती. पहिल्या चमच्यालाच मुलांनी तोंडं वेडीवाकडी केली. वाट्या सरकवल्या गेल्या, कुणीतरी स्वयंपाक्याच्या नावाने मोठ्याने ओरडलं. दूध बुडाला लागलं होतं म्हणे. मेहेंदळ्यांना असले नखरे सहन होत नसत. या हॉटेलच्या स्वयंपाक्यावर त्यांचाही राग होता. तो दिवसेंदिवस हात आखडता घेत होता, आमटीत मसाला नाही, भाजीला चव नाही, मसाले परस्पर घरी जात असावेत असा त्यांचा दाट संशय होता. पण पानातलं टाकायचं नाही ही घरची शिस्त. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि दुसरी मागून घेतली, मुलांना दिसेल अशी.

खाता खाता त्यांनी लांबच्या टेबलाकडे पाहिलं. सगळे ओरडत असताना उत्तरेश्वर मात्र गप्प होता. खिरीबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. चमचा हातात तसाच धरून तो मेहेंदळ्यांकडे एकटक बघत होता, आणि नजरानजर झाल्याबरोबर त्याने मान खाली घातली.

करपलेलं कळलं नाही याला, मेहेंदळ्यांच्या मनाने लगेच नोंद घेतली.

जेवणानंतर त्यांनी तनयाला बाहेर हिरवळीवर गाठलं. ती हॉटेलच्या कुंपणालगत फेऱ्या मारत होती. फाटकाजवळ पार्सलं ठेवायचं टेबल होतं, वर फवारणीची बाटली. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू तिथे ठेवायची, बाहेरच्याने निघून जायचं आणि मग आतल्याने ती उचलायची, हा नियम मेहेंदळ्यांचाच. मागच्या आठवड्यात जुन्या हिंगाचा दर्प कमी झाला म्हणून त्यांनी हेमाला, म्हणजे बायकोला, घरचा हिंग घेऊन बोलावलं होतं. ती रिक्षाने आली होती. आमटीत घालायचा हिंग फुटबॉलवाल्यांच्या नाकाला लावता, शोभतं का, म्हणाली होती. मग दोघं गजांच्या अलीकडे-पलीकडे उभी राहून थोडा वेळ बोलली. कित्येक महिन्यांनी भेट होत होती. तिचा आवाज जरा बसला होता. जळमटं काढली काल, धूळ गेली घशात, म्हणाली. घरचं माणूस, त्यात कामासाठी आलेलं. तो प्रसंग मेहेंदळ्यांनी बबल मोडण्यात धरलेलाच नव्हता.

"संघात एकाचा वास गेलाय," त्यांनी तनयाला सांगितलं.

ती थांबली. "कोणाचा?"

"उद्या सकाळी सांगतो."

"सर, अशी गोष्ट उद्यावर टाकायची नसते. नाव सांगा, मी आत्ता झटपट तपासणी करते."

"चिठ्ठी हातात आल्याशिवाय मी नाव घेत नाही. आयुष्यात कधी घेतलं नाही. उगाच एखाद्याच्या कपाळी डाग लागायचा. सकाळी परीक्षा आहे, तेव्हा नाव आणि पुरावा, दोन्ही देतो."

तनयाने कपाळाला हात लावला. "उत्तरेश्वर आहे ना? तो जरा वेगळा वागतोय खरा."

मेहेंदळ्यांनी नुसता चष्मा पुसला.

"हे बघा," ती म्हणाली, "नाव दिलंत की मी त्याला खोलीत बंद करणार. आणि तो ज्यांच्या ज्यांच्या तोंडाजवळ गेला असेल त्या सगळ्यांनाही. त्यात मला काही करता येत नाही. उद्या अकरा जण उरले नाहीत तर सामना गेला."

"तो कुणाच्याच जवळ जात नाही. सगळ्यांपासून लांब बसतो. तेवढं मात्र बरं केलंय त्याने."

"मग वाचलो," तनया म्हणाली.

सकाळी उठल्याबरोबर मेहेंदळे हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले आणि एकसारख्या तीन नव्या डब्या मागून घेतल्या. पोचा नाही, डाग नाही. झाकणांना बारीक भोकं पाडून घेतली, म्हणजे झाकण न काढता वास येईल आणि आतलं दिसणार नाही. मग त्यांना आणखी एक शंका आली. पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर बरोबर की चूक ते ताडणारी पोरं त्यांनी पाहिली होती. आपल्यालाच माहीत असेल तर आपला चेहरा बोलेल. म्हणून त्यांनी टेबलाचा कापडी घोळ उचलला, डब्या त्याखाली सरकवल्या आणि चाचपडत, वर बघत, चांगल्या उलटसुलट केल्या. आता कुठल्या डबीत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतका निर्दोष पेपर आपण आजवर काढला नव्हता, असं त्यांना वाटलं आणि जरा बरंही वाटलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलं भिंतीला टेकून उभी होती. संध्याकाळच्या सामन्याचा उत्साह होता, थट्टामस्करी चालली होती. मेहेंदळ्यांनी दार उघडलं.

"उत्तरेश्वर, आज पहिले आपण."

तो आत आला. हातात गोलकीपरचे हातमोजे होते. दार लागलं. खुर्चीत बसता बसता त्याची नजर टेबलावर गेली आणि तो मधेच थांबला.

"डब्या नव्या हायत का सर?"

"पेपर बदललाय. डोळे मिटा."

मेहेंदळ्यांनी मास्क सवयीने नाकाखाली सरकवला, एक डबी उचलली आणि पुढे वाकले. उत्तरेश्वरने डोळे मिटले नाहीत. तो डबीकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. आता सापडला, मेहेंदळ्यांना वाटलं. चिठ्ठी काढून घेण्याआधी पोरांच्या चेहऱ्यावर अगदी असंच काहीतरी येई.

तेवढ्यात उत्तरेश्वरने हात पुढे केला आणि डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अहो! काय करताय आपण?"

तो उठून खिडकीपाशी गेला. त्यांच्याकडे पाठ करून त्याने तावदान उघडलं, दोन्ही मास्क खाली ओढले, आणि भोकाभोकाच्या झाकणाला नाक लावून चांगला लांब श्वास घेतला. टी-शर्ट पाठीवर ताणला गेलेला मेहेंदळ्यांनी स्वच्छ पाहिला. मग मास्क वर करून तो परत आला आणि डबी टेबलाच्या कडेला ठेवून मागे सरकला.

"वेलदोडा."

मेहेंदळ्यांनी डबी उचलून आपल्या नाकाला लावली.

काहीच नाही.

त्यांनी दुसरी उचलली. काही नाही. तिसरी. तिलाही काही नाही. पहिला विचार आला तो हा, की कोणीतरी डब्या रिकाम्या केल्या. स्वयंपाकी याला सामील आहे. त्यांनी तिसऱ्या डबीचं झाकण उपटून काढलं.

आत हिंग होता. काठोकाठ, पिवळसर, घरचा, हेमाने आणून दिलेला. चुकून कपड्याला लागला तर धुऊनही जात नाही असा. त्यांनी डबीत नाक जवळजवळ बुडवलं. पाणी हुंगल्यासारखं वाटलं. मग पहिली डबी उघडली. वेलदोडाच होता.

मेहेंदळे दोन उघड्या डब्या दोन हातांत धरून उभे होते आणि त्यांना खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

"कधीपासून सर?" उत्तरेश्वरने हळूच विचारलं.

रोज सकाळी उत्तर आधीच ठाऊक असलेल्या डब्या त्यांनी दुसऱ्यांच्या नाकाला लावल्या होत्या. स्वतः कधी वास घेतला होता? आमटीला चव लागत नव्हती ती म्हणून. खिरीच्या दोन वाट्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"परवा डायनिंग हॉलमधी दूध नासलं व्हतं. चहाला वास मारत व्हता. सगळ्यांनी कप ठिवले. तुम्ही प्याला. मला वाटलं आसंल काय तरी. मग काल खीर." तो थांबला. "पण संशय त्याच्या आधीच आला व्हता. तुमचा आवाज बसला व्हता दोन दिस."

"म्हणून लांब बसत होतात."

"व्हय, सगळ्यांपास्नंच. कुणाकुणाला लागलं आसंल, काय म्हाईत. माझ्यापाशी आलात की मी श्वासच घेत न्हवतो सर. डबी वळखू येत व्हती."

मेहेंदळ्यांनी डब्या खाली ठेवल्या. "मग बोलला का नाहीत?"

उत्तरेश्वरने हातमोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. सांगावं की नाही, असा त्याचा चेहरा झाला होता.

"मला वाटलं, सरांना म्हाईत हाय. म्हाईत आसून सर दाबत्यात. मॅचपायी. पुन्यांदा वाटलं, दाबत्यात तर दाबू दे. मला बी मॅच पायजेच व्हती."

मेहेंदळे खुर्चीत बसले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे असं बोट कुणी दाखवलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण आली ती नुसती लाज. हा माणूस त्यांना लबाड समजूनही त्यांच्या समोरच्या खुर्चीत रोज येऊन बसत होता, श्वास कोंडून, आणि ते त्याच्या छातीकडे बघत होते.

बाहेर कुणीतरी विनोद केला. मुलं हसली. त्यांतल्या प्रत्येकाचा मास्क याच टेबलासमोर रोज खाली आला होता, आणि प्रत्येकाच्या तोंडावर ते वाकले होते. या सबंध हंगामात त्यांच्या इतकं जवळ दुसरं कुणी गेलं नव्हतं. तनया नाव विचारणार होती आणि त्यानंतर विचारणार होती, की कोणाकोणाच्या जवळ गेला. मेहेंदळ्यांनी मनातल्या मनात एकेक चेहरा आठवायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. कोणीच उरत नव्हतं. मग हेमाचा बसलेला आवाज आठवला. धूळ नव्हती ती.

"सर." उत्तरेश्वर दारापाशी गेला होता. त्याने आवाज आणखी खाली आणला. "मॅच संध्याकाळीच हाय. संध्याकाळपत्तुर कुणाला कळायचं न्हाई. तुम्ही खोलीत पडून ऱ्हावा, डोकं दुखतंय म्हना. मी काय बोलनार न्हाई. आईची आन."

मेहेंदळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसती विनवणी होती. एवढीच विनवणी करत त्यांच्यासमोर किती पोरं उभी राहिली होती. सर, शेवटचा पेपर आहे. सर, एवढ्या वेळी सोडा. एकदाही त्यांनी मान वर करून नीट पाहिलं नव्हतं. आज मात्र सोडून द्यावंसं वाटत होतं, आणि ज्याला सोडायचं तो दुसरा कुणी नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. तनयाचा होता.

त्यांनी मास्क नाकावर ओढून घेतला, नाकाच्या हाडापाशी चिमटीने दाबून बसवला. चष्म्यावर लगेच वाफ धरली. समोर दाराशी उभा असलेला उत्तरेश्वर धूसर झाला.

"बाहेर जा, बाळा," ते म्हणाले. "सगळ्यांना म्हणावं, मास्क वर घ्या आणि आपापल्या खोल्यांत जा. कुणी आत यायचं नाही. आणि हे दार तू बाहेरून ओढून घे."

"सर, मॅच—"

"माहीत आहे मला."

उत्तरेश्वर बाहेर वळला. हातमोजे त्याने घट्ट धरले होते. मग दार लागलं. कॉरिडॉरमधलं हसणं थोडा वेळ चालू राहिलं आणि एकदम थांबलं.

मेहेंदळ्यांनी फोन उचलला. चाळीस वर्षांच्या सवयीने पहिलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"श्रीधर मेहेंदळे."

"सर, मी कधीची वाट बघतेय," तनया म्हणाली. "झाली परीक्षा? नाव मिळालं का?"

"मिळालं. तेच सांगतोय. श्रीधर मेहेंदळे."

"अहो, तुमचं नाव माहितीये मला." ती हसत होती. "त्याचं सांगा."

मेहेंदळ्यांनी वेलदोड्याच्या डबीवर झाकण ठेवलं, मग हिंगाच्या. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्याला उठवताना बोलत असत तितक्याच शांतपणे आपलं नाव तिसऱ्यांदा सांगितलं.